मस्तिष्क-चेतांच्या आवरणातील गाठी : प्रतिमांकन, निदान आणि रेवदंड्यासारख्या गावातील रुग्ण

प्रस्तावना

रेवदंडा हे रायगड जिल्ह्याच्या अलिबाग तालुक्यातील, कुंडलिका नदीच्या मुखाशी वसलेले गाव. पोर्तुगीजांचा जुना कोट, खाडीपलीकडचा कोर्लईचा किल्ला आणि लगतची थेरोंड्याची कोळी वस्ती ही या परिसराची ओळख होय. येथील अनेक कुटुंबांची उपजीविका मासेमारीवर चालते आणि यांत्रिक होडीच्या डिझेल इंजिनाचा आवाज त्यांच्या रोजच्या कामाचा भाग असतो. त्यामुळे पन्नाशीतील एखाद्या तांडेलाला कमी ऐकू येऊ लागले, की घरातील माणसे व शेजारी एकच कारण सांगतात : इंजिनाने कान गेले.

माझ्या मामांच्या बाबतीत असेच घडले. ते मोबाईल उजव्या कानाऐवजी डाव्या कानाला लावू लागले. मागून कुणी हाक मारली तर ती कोणत्या बाजूने आली हे त्यांना कळेना. जवळपास चार वर्षे हा दोष इंजिनाच्या माथी मारण्यात आला. मध्यंतरी एकदा मेंदूचा साधा सी.टी. स्कॅन काढला, त्याचा अहवाल 'सामान्य' आला आणि सर्वजण निर्धास्त झाले. पुढे चालताना तोल जाऊ लागला, उजवा गाल बधिर झाला, तेव्हा एम.आर.आय. झाले आणि उजव्या बाजूच्या आठव्या मस्तिष्क-चेतेवर सुमारे तीन सेंटीमीटरची गाठ दिसली. ती कर्करोगाची नव्हती. शस्त्रक्रिया होऊन मामा घरी परतले; परंतु त्या कानाचे ऐकणे कायमचे गेले. त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र माझ्या मनात राहिला : "इंजिनाचा आवाज दोन्ही कानांत जात होता, मग कान एकच कसा गेला, हे कुणी का नाही विचारलं?"

प्रस्तुत लेख त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे. लेखक प्राणिशास्त्राचा अध्यापक आहे, वैद्य नव्हे. म्हणून हे विवेचन उपचाराचा सल्ला नसून निदानाची वाट समजावून सांगणे एवढाच त्याचा हेतू आहे. या गाठी कोठे व का होतात, कोणती तपासणी काय दाखवते व काय दाखवू शकत नाही आणि मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्या रुग्णाने ही वाट कशी चालावी, या तीन प्रश्नांच्या अनुषंगाने पुढील मांडणी केली आहे.

चेता, तिचे आवरण आणि गाठ

मेंदूपासून मस्तिष्क-चेतांच्या बारा जोड्या निघतात. गंध, दृष्टी, डोळ्यांची हालचाल, चेहऱ्याची संवेदना, चर्वण, चेहऱ्याचे हावभाव, श्रवण व तोल, गिळणे, आवाज, खांद्याची व जिभेची हालचाल ही कामे त्यांच्याकडे आहेत. विजेच्या तारेवर जसे रोधक वेष्टण असते, तसे चेतातंतूंवर आवरण असते. मेंदूच्या आत हे आवरण एका प्रकारच्या पेशी तयार करतात, तर मेंदूबाहेर ते काम श्वान पेशी करतात. थिओडोर श्वान या एकोणिसाव्या शतकातील जर्मन शास्त्रज्ञावरून त्यांना हे नाव मिळाले.

या श्वान पेशींची अनिर्बंध वाढ झाली की जी गाठ होते तिला श्वानोमा म्हणतात. हा या गटातील सर्वाधिक आढळणारा प्रकार. दुसरा प्रकार न्यूरोफायब्रोमा. तो कवटीच्या आत विरळाच दिसतो. तिसरा, मारक प्रकार अतिशय दुर्मीळ आहे. श्वानोमा चेतेच्या एका बाजूला वाढतो आणि तंतूंना कडेला ढकलतो. न्यूरोफायब्रोमामध्ये तंतू गाठीच्या आतूनच जातात. म्हणूनच श्वानोमा काढताना चेता वाचवण्याची काही शक्यता तरी शिल्लक असते.

पहिली गंधचेता व दुसरी दृष्टिचेता या खऱ्या अर्थाने मेंदूचेच विस्तार आहेत. दृष्टिचेतेवर श्वान पेशींचे आवरण नसते. त्यामुळे या दोन चेतांवर श्वानोमा जवळजवळ होत नाही. उरलेल्या दहा जोड्यांपैकी आठव्या चेतेवर त्याचा सर्वाधिक भर असतो. कवटीच्या आतील श्वानोमांपैकी सुमारे नव्वद टक्के या एका चेतेचे असतात. त्यानंतर पाचव्या, म्हणजे चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या त्रिशाखी चेतेचा क्रम लागतो.

आठव्या चेतेचे श्रवणाचा व तोलाचा असे दोन भाग आहेत. गाठ बहुधा तोलाच्या भागावर उगवते, तरीही रुग्णाला आधी जाणवते ती श्रवणातील घट. यात विसंगती नाही. गाठ अतिशय सावकाश वाढते. एका बाजूचा तोल हळूहळू कमी होत असताना मेंदू दुसऱ्या बाजूच्या व डोळ्यांच्या साह्याने तो भरून काढतो. श्रवणाची अशी भरपाई होत नाही. समुद्रावर डोलत्या होडीत उभे राहण्याची सवय असलेल्या माणसाला तर तोलातील बारीक दोष आणखी उशिरा कळावा, यात नवल नाही.

निदानाचा थोडक्यात इतिहास

१७७७ मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथील एदुआर्द सँडिफोर्ट याने शवविच्छेदनात आढळलेल्या अशा गाठीचे वर्णन केले. जिवंत माणसात तिचे निदान होण्यास पुढे शतकाहून अधिक काळ लागला. १९१७ मध्ये अमेरिकन शल्यविशारद हार्वे कुशिंग यांनी श्रवणचेतेच्या गाठींवर ग्रंथ लिहून लक्षणांचा क्रम मांडला : आधी श्रवण, मग तोल, मग शेजारच्या चेता, आणि अखेरीस मेंदूवरील दाब. क्ष-किरण चित्रात गाठ दिसत नसे. तिने हाडाला पाडलेले भगदाड तेवढे दिसे. भगदाड दिसेपर्यंत गाठ बरीच मोठी झालेली असे.

गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या सी.टी. यंत्रावर १९७१ मध्ये लंडन येथे पहिल्या रुग्णाची तपासणी झाली आणि कवटी न उघडता मेंदूचा काप पाहता आला. पॉल लॉटरबर यांनी १९७३ मध्ये चुंबकीय अनुस्पंदनातून प्रतिमा मिळवली. पीटर मॅन्सफील्ड यांच्यासह त्यांना २००३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातील अतुल गोयल आणि सहकाऱ्यांनी त्रिशाखी चेतेच्या ७३ गाठींवरील शस्त्रक्रियांचा अनुभव आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. इतक्या विरळ गाठीचे इतके रुग्ण एकाच सार्वजनिक रुग्णालयात यावेत, यावरून अशा रुग्णालयांवर विसंबून असलेल्या प्रदेशाचा व्याप लक्षात येतो. रायगडचा किनारा त्या प्रदेशाचाच एक भाग आहे.

पहिली चाळणी : श्रवणमापन

प्रतिमांकनाआधीची पायरी स्वस्त आणि सोपी आहे. बंद खोलीत, कानावर हेडफोन लावून, वेगवेगळ्या वारंवारतेचे सूर ऐकवले जातात आणि प्रत्येक कानाचा स्वतंत्र आलेख काढला जातो. गोंगाटामुळे होणारी हानी बहुधा दोन्ही कानांत सारखी असते व चार हजार हर्ट्झच्या आसपास ती अधिक दिसते. वयामुळे होणारी घटही दोन्ही बाजूंना सारखीच असते. आठव्या चेतेच्या गाठीत मात्र दोन आलेखांत फरक पडतो. लगतच्या दोन किंवा अधिक वारंवारतांवर दहा डेसिबल, अथवा एका वारंवारतेवर पंधरा डेसिबल फरक आढळला तर एम.आर.आय. करावे, अशी शिफारस २०१८ च्या अमेरिकन चेताशल्यविशारदांच्या मार्गदर्शिकेत आहे.

आणखी एक खूण महत्त्वाची आहे. रुग्णाला सूर ऐकू येतो, पण शब्द कळत नाही. 'आवाज येतो, बोलणे समजत नाही' ही तक्रार एका कानापुरती असेल, तर दोष कानाच्या यंत्रणेत नसून चेतेत असण्याचा संशय बळावतो. एकाच कानात सतत गुणगुण होणे आणि एका कानाचे ऐकणे अचानक जाणे याही संशयाच्या जागा आहेत. यांपैकी अचानक गेलेल्या श्रवणाचा उपचार दिवसांच्या हिशेबाने करावा लागतो, आठवड्यांच्या नव्हे.

येथे एक गोष्ट स्पष्ट करणे आवश्यक आहे. दोन कानांत फरक असलेल्या शंभर जणांपैकी मोजक्याच लोकांना अशी गाठ असते. म्हणजे फरक हा गाठीचा पुरावा नाही. तो पुढे पाहण्याचे कारण आहे.

सी.टी. स्कॅन : हाडाचा साक्षीदार

सी.टी. स्कॅन क्ष-किरणांवर चालतो आणि हाड उत्तम दाखवतो. गाठ हळूहळू वाढत असल्याने हाड तुटत नाही, ते गुळगुळीत कडांनी रुंदावते. आठव्या चेतेची गाठ ज्या हाडाच्या बोगद्यातून जाते तो अंतर्कर्ण मार्ग एका बाजूला रुंद दिसतो. त्रिशाखी चेतेच्या गाठीत कवटीच्या तळाचे छिद्र मोठे होते. ही माहिती शल्यविशारदाला मोलाची असते.

परंतु कानाभोवतीचे हाड शरीरातील सर्वांत घट्ट हाडांपैकी आहे. त्यातून जाताना क्ष-किरणांचे स्वरूप बदलते आणि मेंदूच्या त्या कोपऱ्यात काळे-पांढरे पट्टे उमटतात. गाठीची घनता शेजारच्या मेंदूइतकीच असल्यामुळे, शिरेतून औषध न देता काढलेल्या साध्या सी.टी. मध्ये काही मिलीमीटरची गाठ या पट्ट्यांत हरवते. म्हणून 'साधा सी.टी. सामान्य' याचा अर्थ 'मोठा रक्तस्राव किंवा मोठी गाठ दिसली नाही' इतकाच होतो. त्यातून 'चेतेवर गाठ नाही' असा निष्कर्ष काढता येत नाही. माझ्या मामांच्या बाबतीत कागदावरचा शब्द खोटा नव्हता. आम्ही त्याचा अर्थ त्याच्या आवाक्यापलीकडे ताणला.

एम.आर.आय. : चुंबक आणि पाणी

एम.आर.आय. चे तत्त्व समजावताना रेवदंड्याच्या वाचकाला जवळचे एक उदाहरण देता येते. अलिबागला १९०४ पासून भूचुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहामुळे कुलाब्याची चुंबकीय मापने बिघडणार, म्हणून ती मापने अलिबागला हलवण्यात आली. तेथे मोजले जाणारे पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र सुमारे ४३ हजार नॅनोटेस्ला आहे. रुग्णालयातील नेहमीच्या एम.आर.आय. यंत्राचे क्षेत्र दीड टेस्ला असते, म्हणजे त्याच्या जवळपास पस्तीस हजार पट.

शरीरातील पाण्यात व चरबीत हायड्रोजनचे असंख्य अणू आहेत. त्यांचे केंद्रक लहान चुंबकांसारखे वागतात. प्रबळ क्षेत्रात त्यांपैकी थोडे अधिक केंद्रक क्षेत्राच्या दिशेने वळतात. दीड टेस्लाच्या यंत्रात सुमारे ६४ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरीने त्यांना क्षणभर विचलित करतात. ते पूर्वस्थितीत येताना जो संकेत देतात, त्यापासून प्रतिमा तयार होते. वेगवेगळ्या ऊतींना पूर्वस्थितीत येण्यास वेगवेगळा वेळ लागतो आणि या फरकातूनच गाठ व मेंदू वेगळे ओळखू येतात. यात क्ष-किरण नसतात.

श्वानोमाची ओळख पटवताना मुख्यतः तीन प्रकारच्या प्रतिमा पाहतात. टी-१ प्रतिमेत गाठ मेंदूइतकी किंवा किंचित काळसर दिसते. टी-२ प्रतिमेत ती उजळ दिसते आणि मोठ्या गाठीत द्रवाच्या पोकळ्याही आढळतात. शिरेतून गॅडोलिनियमयुक्त औषध दिल्यावर टी-१ प्रतिमेत गाठ ठळक पांढरी होते. निरोगी मेंदूच्या रक्तवाहिन्या औषधाला बाहेर जाऊ देत नाहीत. गाठीच्या रक्तवाहिन्यांना तसा अडसर नसल्याने औषध गाठीत झिरपते. यामुळे दोन-तीन मिलीमीटरची गाठही दिसू शकते.

चौथी पद्धत अलीकडे चाळणीसाठी वापरली जाते. अतिसूक्ष्म कापांच्या टी-२ प्रतिमेत मेंदूभोवतीचा द्रव शुभ्र दिसतो आणि त्यातून जाणाऱ्या चेता काळ्या दोऱ्यांसारख्या उमटतात. अंतर्कर्ण मार्गात असे चार दोरे असतात : एक चेहऱ्याच्या चेतेचा, एक श्रवणाचा आणि दोन तोलाचे. एखाद्या दोऱ्यावर मणी ओवल्यासारखा फुगवटा दिसला की संशय येतो. या पद्धतीत औषध टोचावे लागत नाही.

यावरून एक व्यावहारिक मुद्दा निघतो. मेंदूच्या सर्वसाधारण एम.आर.आय. मध्ये कापांची जाडी साधारण पाच मिलीमीटर असते, तर अंतर्कर्ण मार्ग जेमतेम एक सेंटीमीटर लांबीचा आहे. बारीक गाठ दोन कापांच्या मध्ये निसटू शकते. म्हणून चिठ्ठीवर नुसते 'मेंदूचा एम.आर.आय.' असे न लिहिता, कोणत्या बाजूचे कोणते लक्षण आहे व अंतर्कर्ण मार्गाचे सूक्ष्म काप हवेत, हे लिहिलेले असणे अगत्याचे आहे.

सुरक्षिततेच्या दृष्टीने काही पथ्येही पाळावी लागतात. हृदयातील पेसमेकर, मेंदूतील धातूची क्लिप, कानातील श्रवणरोपण यांची माहिती आधी द्यावी. वेल्डिंग, लोखंड घासणे किंवा होडीच्या दुरुस्तीचे काम करणाऱ्यांच्या डोळ्यात पूर्वी कधी लोखंडाचा कण गेला असल्यास तेही न विसरता सांगावे; प्रबळ चुंबकात तो कण हलून डोळ्याला इजा करू शकतो. मूत्रपिंडाचा गंभीर विकार असलेल्या रुग्णांत काही गॅडोलिनियम औषधांमुळे त्वचा व ऊती कठीण होण्याचा आजार होतो, हे २००६ मध्ये लक्षात आले. तेव्हापासून मूत्रपिंडाची स्थिती पाहून औषध निवडले जाते. गरोदरपणात ते शक्यतो टाळतात.

सारख्या दिसणाऱ्या गाठी

त्या कोपऱ्यातील प्रत्येक गाठ श्वानोमा नसते. मेंदूच्या आवरणाची गाठ, म्हणजे मेनिंजिओमा, हाडाला रुंद पायाने चिकटते, तिच्या कडेला आवरणाची पांढरी शेपटी दिसते आणि तीत कॅल्शियम साठलेले असू शकते. श्वानोमा अंतर्कर्ण मार्गात शिरलेला आणि बाहेर गोल फुगलेला, म्हणजे कोनातील आइस्क्रीमसारखा दिसतो. एपिडर्मॉइड ही तिसरी गाठ औषधाने पांढरी होत नाही, पण पाण्याच्या रेणूंची हालचाल मोजणाऱ्या प्रतिमेत ती ठळक चमकते. हे भेद महत्त्वाचे आहेत, कारण प्रत्येक गाठीचा शस्त्रक्रियेचा मार्ग आणि चेता वाचण्याची शक्यता वेगळी असते.

आठव्या चेतेखेरीज इतर चेतांच्या गाठी आपापल्या मार्गाने ओळखू येतात. त्रिशाखी चेतेची गाठ कवटीच्या मधल्या व मागच्या कप्प्यांत पसरून डंबेलचा आकार घेते. चर्वणाचे स्नायू त्या बाजूला वाळून तेथे चरबी साठल्याचे एम.आर.आय. मध्ये दिसते. नवव्या ते अकराव्या चेतांच्या गाठी कवटीच्या तळाशी मानेच्या शिरेजवळ असतात. त्यांत आवाज घोगरा होतो, गिळताना ठसका लागतो. बाराव्या चेतेच्या गाठीत जिभेचा अर्धा भाग आक्रसतो. तात्पर्य, डॉक्टर जेव्हा चेहऱ्याला कापूस लावून पाहतात किंवा जीभ बाहेर काढायला सांगतात, तेव्हा ते प्रतिमेत कोठे पाहायचे हेच ठरवत असतात.

दोन्ही बाजूंच्या आठव्या चेतांवर गाठी आढळल्यास एनएफ-२ हा आनुवंशिक विकार असतो. त्याचे जनुक बावीसाव्या गुणसूत्रावर असून त्याचा शोध १९९३ मध्ये लागला. २०२२ मध्ये या विकाराचे नाव बदलून 'एनएफ-२ संबंधित श्वानोमॅटोसिस' असे करण्यात आले. अशा रुग्णाच्या मणक्याचेही प्रतिमांकन करतात आणि रक्ताच्या नातेवाइकांना तपासणीचा सल्ला देतात.

आकार आणि निर्णय

निदान झाल्यावर गाठीची चार श्रेणींत विभागणी करतात. पहिल्या श्रेणीत ती अंतर्कर्ण मार्गातच असते, दुसरीत बाहेर डोकावते, तिसरीत मस्तिष्कस्तंभाला टेकते आणि चौथीत त्याला ढकलते. लहान गाठ अनेकदा ठरावीक काळाने एम.आर.आय. करून नुसती पाहत राहतात, कारण पुष्कळ गाठी वर्षानुवर्षे वाढतच नाहीत. ज्या वाढतात त्यांतील बहुतेक वर्षाला एक-दोन मिलीमीटरने वाढतात. वाढणाऱ्या, साधारण तीन सेंटीमीटरपेक्षा लहान गाठीला एकवटलेल्या किरणांचा उपचार देता येतो. मुंबईतील हिंदुजा रुग्णालयात आणि दिल्लीच्या एम्समध्ये गॅमा नाइफ ही त्यासाठीची यंत्रणा १९९७ पासून वापरात आली. मेंदूला ढकलणाऱ्या मोठ्या गाठीला शस्त्रक्रियेवाचून सहसा गत्यंतर नसते आणि अशा वेळी लगतची चेहऱ्याची चेता सांभाळणे हे शल्यविशारदापुढील मोठे आव्हान ठरते.

म्हणजेच उशिरा निदान झाल्याने बहुधा जीव जात नाही. निवडीचे पर्याय जातात. एक सेंटीमीटरच्या गाठीसमोर तीन वाटा खुल्या असतात, तीन सेंटीमीटरच्या गाठीसमोर एखादीच उरते.

रेवदंड्याहून मुंबईपर्यंत

रेवदंड्याहून अलिबाग सुमारे सतरा किलोमीटर. तेथे जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१-२२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झाले आहे. मेंदूच्या गाठीच्या शस्त्रक्रियेसाठी मात्र पेण-पनवेलमार्गे किंवा मांडव्याहून बोटीने मुंबई गाठावी लागते. एका फेरीत कामाचा दिवस बुडतो आणि सोबत येणाऱ्याचाही रोज जातो. म्हणून चुकीची तपासणी ही केवळ वैद्यकीय चूक राहत नाही. ती दुसरी फेरी आणि बहुधा लांबलेले वर्ष असते.

या दृष्टीने पुढील क्रम उपयुक्त ठरेल. प्रथम श्रवणमापन गावाजवळच करून घ्यावे आणि त्याचा आलेख जपून ठेवावा. दोन कानांत फरक आढळल्यास कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून बाजू, लक्षण व हव्या असलेल्या कापांचा उल्लेख असलेली चिठ्ठी घ्यावी. तपासणीनंतर केवळ अहवाल न आणता प्रतिमांची सी.डी.ही आणावी, पुढच्या वेळी गाठ वाढली की नाही हे जुन्या प्रतिमांशी ताडूनच ठरते. उपचाराच्या खर्चासाठी राज्य शासनाची आरोग्य योजना आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना या नावाने ती सुरू झाली, तेव्हा पहिल्या टप्प्यातील आठ जिल्ह्यांत रायगडचा समावेश होता. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणून ओळखली जाते. रुग्णालय निवडण्याआधी ते या योजनेत आहे की नाही, याची चौकशी करणे हिताचे ठरते.

निष्कर्ष

चेता-आवरणाच्या गाठी विरळ आहेत, बहुतेक सौम्य आहेत आणि सावकाश वाढतात. याच तीन कारणांनी त्या दुर्लक्षिल्या जातात. त्यांच्या निदानाची किल्ली महागड्या यंत्रात नसून एका साध्या प्रश्नात आहे : दोष दोन्ही बाजूंना आहे की एकाच? दोन्ही बाजूंना असेल तर वय, गोंगाट यांसारखी कारणे आधी पाहावीत. एकाच बाजूला असेल तर त्याचे स्पष्टीकरण मिळेपर्यंत थांबू नये, आणि साध्या सी.टी. च्या 'सामान्य' या शब्दाने समाधान मानू नये.

मामा आता होडीवर जात नाहीत. किनाऱ्यावर बसून जाळी विणतात आणि कुणी कमी ऐकू येत असल्याची तक्रार केली, तर त्याला आधी एक कान झाकायला सांगतात, मग दुसरा. दोन्हींत फरक वाटला तर अलिबागला पाठवतात. ही श्रवणचाचणी नव्हे, हे खरे. परंतु चार वर्षे वाचवण्यास एवढी विचारपूस पुरेशी आहे. आरोग्य केंद्रांत, शाळा-महाविद्यालयांतील शिबिरांत व मच्छीमार सोसायट्यांच्या सभांत हा एक प्रश्न नेमाने विचारला जावा, एवढीच प्रस्तुत लेखाची अपेक्षा आहे.